पाचवी ओळ

काम तसं किरकोळ होतं. वॉर्डात बारावी खाट आली होती आणि तिची जोडणी प्रोग्रॅममध्ये करायची होती. जेवण उरकून ती तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत येऊन बसली. खोलीला खिडकी नव्हती. पंख्याची घरघर, तापलेल्या तारांचा वास, आणि भिंतीपलीकडे धुलाईखान्याच्या पाण्याचा आवाज.

हॉस्पिटलचा हा प्रोग्रॅम मास्तरांनी लिहिलेला. मास्तर म्हणजे तिच्या आधी वीस वर्षं याच खुर्चीत बसलेला, फार हळू बोलणारा वयस्कर माणूस. वर्षापूर्वी वरच्याच वॉर्डात गेले, एकटे. घरच्यांना कळवायला उशीर झाला होता म्हणे.

त्यांनी निवडलेली संगणकाची भाषा लिस्प या जुन्या भाषेच्या घराण्यातली, सगळं कंसात लिहायचं. तिच्यात एखादा शब्द नसेल, तर आपण तो तिला शिकवू शकतो. त्याला मॅक्रो म्हणतात. प्रोग्रॅम चालण्याआधीच यंत्र तो शब्द उलगडतं, त्याच्या जागी आपण ठरवलेल्या ओळी बसवतं आणि मगच कामाला लागतं. मास्तरांनी शिकवलेला शब्द होता ‘सोबत’. तो खाटेच्या नंबराशी लिहिला की चार ओळी तयार: नाडी बघ, श्वास बघ, वेळ लिही, काही बिघडलं तर सिस्टरांना घंटा दे.

तिने ‘सोबत, खाट बारा’ असं लिहिलं आणि सवयीने सगळं उलगडून पाहिलं. प्रत्येक खाटेखाली चार ओळी. खाट सातखाली मात्र पाच.

पाचवी ओळ होती: घरच्यांना बोलाव.

तिने ‘सोबत’ची व्याख्या उघडली. तिथे चारच ओळी होत्या. ‘घरच्यांना बोलाव’ हे या भाषेला कुणी कधी शिकवलेलंच नव्हतं. यंत्राने चूक दाखवायला हवी होती. ते मुकाट होतं.

ती वर जाऊन सिस्टरांना विचारून आली. “सातवाले आजोबा? ठणठणीत आहेत. उद्या घरी सोडतोय,” सिस्टर म्हणाल्या.

संध्याकाळी सहाला सातवाले आजोबा गेले.

चार दिवसांनी खाट तीनखाली पाचवी ओळ आली. या वेळी ती धावत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिच्यासमोर त्या खाटेवरच्या बाईंचे सगळे रिपोर्ट चाळले, चांगले होते. “तुम्ही जरा रजा घ्या,” ते मायेने म्हणाले. बाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही राहिल्या नाहीत.

त्याच आठवड्यात दादा भरती झाला. अपेंडिक्स. ऑपरेशन नीट झालं. “घरचं माणूस म्हणून दोन इंजेक्शनं जास्तच टोचतायत गं,” असं म्हणून तो पोट धरून हसला. त्याची खाट नववी.

दुसऱ्या दिवशी दुपारी नववीखाली पाच ओळी होत्या.

 ती ओळ खोडायला गेली, पण खोडणार कुठून? जे कुठे लिहिलेलंच नाही, ते पुसायचं कसं? शेवटी तिने ‘सोबत’ हा शब्दच काढून टाकला. मॅक्रो नाही, म्हणजे उलगडायला काही उरलंच नाही. बारा खाटांच्या अठ्ठेचाळीस ओळी हाताने लिहिल्या, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला, तीनदा मोजलं. नववीखाली चार. मग ती जिना चढून वर गेली.

वॉर्डात दादाभोवती सगळे जमले होते. आई, वहिनी, परगावचे काकासुद्धा.

“काय गं, अख्खं खटलं गोळा केलंस?” दादा हसत म्हणाला. “मी काय मरतोय?”

“मी नाही... आई, तू कशी आलीस?”

“फोन आला ना हॉस्पिटलातून. सकाळीच. घाई नका करू म्हणाले, पण या.”

सकाळी. ती ओळ तिने पाहण्याच्याही आधी. उलगडायचं ते केव्हाच उलगडलं होतं...

तिने डॉक्टरांना ओढून आणलं, अक्षरशः हाताला धरून. त्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं. दादा तिच्याकडे बघून डोळे मिचकावत होता. पाच वाजून दहा मिनिटांनी तो बोलता बोलता थांबला. रक्ताची गुठळी होती, कुणाच्याच हातात नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. 

तिने नोकरी सोडली. त्या प्रोग्रॅमला मुळात बाहेर फोन लावायची सोयच नव्हती, हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून करणार काय?

महिन्याभराने ती आईजवळ बसली होती. ऊन कलत होतं, आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

“त्या दिवशी घाईघाईत ठेवला मी फोन,” आई म्हणाली. “आज नीट बोलले त्यांच्याशी.”

“कुणाशी?”

“तेच गं, हॉस्पिटलातले. सकाळी फोन होता त्यांचा. वयस्कर वाटतात, फार हळू बोलतात. तुझी चौकशी करत होते.”

“काय... काय विचारलं?”

“काही नाही. मुलगी घरीच असते ना, एवढंच. म्हटलं, हो, माझ्याजवळच असते.” आईने टॉवेल झटकला. “तर म्हणाले, बरं झालं. मग या वेळी कुणाला बोलवायला नको.”