तुझ्या हाताला गहू आहे

मावशीच्या बेकरीत पावाचं काम भाचीकडे आणि केकचं तिथे कामाला असलेल्या एका तरुणाकडे. दोघांची टेबलं समोरासमोर. दिवसभर नजरानजर व्हायची, पण त्यापुढे गाडं काही सरकत नव्हतं.

एका दुपारी समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर ओली छत्री मिटत आत आली.

"वासानं ओढून आणलं," ती म्हणाली. "पण काय उपयोग... मला गहू चालत नाही. कणभर पोटात गेला तरी आजारी पडते. बिनगव्हाचा पाव जमेल का?"

"थोडे दिवस द्या," तो पटकन म्हणाला. "काहीतरी करतो."

झालं. त्याने मागची खोली धुऊनपुसून घेतली. नवी भांडी, नवी चाळण, नवा छोटा ओव्हन. आत जाताना हात घासून धुवायचा, एप्रन बदलायचा. तांदळाचं पीठ, बदामाचं पीठ, ज्वारीचं पीठ... पहिला पाव विटेसारखा निघाला, दुसऱ्याचा हात लावताच भुगा झाला. मग त्याने इसबगोल घातला आणि पीठ धरून राहू लागलं. डॉक्टर येता-जाता डोकवायची आणि तो हसत हसत सगळी फजिती तिला सांगायचा.

भाची दारात आली, की मात्र –

"आत नको येऊस. तुझ्या हाताला गहू आहे."

तिच्या जिव्हारी लागायचं. याच हातांच्या पावाला तो नावाजायचा ना? ती पिठाचा गोळा असा आपटायची, की मावशी बाहेरून विचारायची, "पाव करतेयस की कुणाला बडवतेयस?"

शेवटी पाव जमला. छान फुगलेला, सोनेरी. तो पिशवी आणायला गेला तशी ती आत शिरली. एवढं काय आहे यात? तिने पाव दाबून पाहिला... आणि वर पांढरी बोटं उमटली. तिने फुंकर मारली. डाग गेले. कुणाला कळलंही नसतं.

तेवढ्यात तो आला, मागोमाग डॉक्टर. त्याने पाव उचलला.

"देऊ नकोस," ती म्हणाली. "मी हात लावलाय."

डॉक्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणून ती निघून गेली.

"का लावलास?" त्याने विचारलं.

"तिच्यासाठी एवढा जीव का काढतोस, ते बघायला. तिला पाहिलं की तुझा चेहरा खुलतो. मला पाहिलं की दार बंद."

त्याने हातातला पाव टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "तिने मागितलं, म्हणून केलं. तू कधी काही मागतच नाहीस."

"काय मागायचं?"

"काहीही. कधीची वाट बघतोय मी."

तिने मान खाली घातली. "मग... उद्याचा पाव हात धुऊन तिला मी देणार. आणि तिच्याशी हसायचं नाही."

"अजिबात?"

"थोडं चालेल. गिऱ्हाईक आहे."

"अजून काही?"

"अजून... तू हवास," ती फरशीकडे बघत म्हणाली.

त्याने तोच पाव कापला, मोठा तुकडा तिच्या हातात ठेवला आणि तिचा हात सोडलाच नाही.

"कसा झालाय?"

तिने सावकाश चावून पाहिलं.

"चांगला झालाय," ती म्हणाली. "तेच तर सहन होत नाही."