इक्कड रा

देवकाबाई सकाळी वांकिडीच्या सरकारी दवाखान्यात आली, डोळ्यांत औषध घालून घेतलं, आणि ओसरीच्या खांबाला टेकून जी बसली ती दुपार कलली तरी हलेना. मनकर्णा नर्सनं दोनदा पाणी पुढं केलं, बाईनं दोनदा मान फिरवली. कुणाकुणाचं रक्त-पू पुसणाऱ्या हातचं पाणी तिला नको होतं.

चारच्या सुमारास तिचा मुलगा उद्धव शोधत आला. केसांत कापसाचे तंतू, कपाळावर आठ्या.

“माह्या मायले काऊन बसवून ठेवलं?”

“मी कुठं बसवलं?” मनकर्णाही काही कमी नव्हती. “त्याच बसल्या.”

“हेच पोरगी म्हने ना, इकडं रा,” देवकाबाई म्हणाली. “मंग राह्यली मी.”

मनकर्णाचा चेहरा पडला. त्याचं असं झालं होतं... साल छप्पन्न, नोव्हेंबर महिना, हैदराबादचा मुलूख नुकताच भाषेनुसार वाटला गेलेला. तिचं माहेर राजुरा मराठी मुलखात गेलं आणि नोकरीचं गाव वांकिडी तेलुगू राज्यात राहिलं. दवाखान्यातली उर्दू रजिस्टरं बांधून ठेवली, नवी तेलुगूत आली. म्हणून मनकर्णा पहाटेपासून तेलुगू घोकत होती, आणि पाठ झालं ते नेमकं देवकाबाईवर आजमावलं : इक्कड रा. म्हणजे, इकडे ये.

उद्धवला हे कळलं आणि आठ्या कुठल्या कुठं पळाल्या. तो पोट धरून हसला. मनकर्णाला खरं तर राग यायला हवा होता, पण तिला फक्त एवढंच दिसलं, की याच्या एकाच गालावर खळी पडते.

“तेलुगू शिकवू का तुमाले? मी असिफाबादच्या बाजारात भाजी इकतो, मले येते.”

“आन् बदल्यात?”

“मायच्या डोळ्यात रोज औषध.”

“औषध तर सरकार देते.”

“हात बी सरकारचाच हाय का?”

मनकर्णानं रजिस्टर पुढं ओढलं आणि देवकाबाईचं नाव रोजच्या औषधासाठी लिहून टाकलं.

पूर्वी नर्स म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या मागं ट्रे धरून उभी राहणारी. आता काम पार बदललं होतं. पिशवी खांद्याला अडकवून गावोगाव जायचं, बाळंतिणी तपासायच्या, पोरांना देवीची लस टोचायची, आणि अहवाल लिहून खाली स्वतःची सही करायची. त्या सहीचं तिला कोण अप्रूप होतं! परतताना बांधावर उद्धवची बैलगाडी हटकून भेटे. ज्वारीच्या कणसांवर ऊन सोनेरी होऊन उतरे, बैल रमतगमत चालत, आणि तो एकेक शब्द देई. नोप्पी म्हणजे दुखणं. मंदु म्हणजे औषध.

“आन् नाडी जोरात चालून राह्यली तर काय म्हंते?” तिनं विचारलं.

“कुनाची?”

“असंच... एका मानसाची.”

“पाहा ना मंग मोजून,” म्हणत त्यानं हात पुढं केला. हैदराबादेत शिकताना तिनं शेकडो मनगटं धरली होती, कधी आकडा चुकला नव्हता. आज चाळिसाच्या पुढं काही केल्या जाता येईना.

मग वरून एक सरकारी कागद आला. इकडं राहायचं की तिकडं जायचं, शनिवारच्या टपालाआधी लिहून द्या. तिकडं आईचं घर, आपली बोली. इकडं तेलुगूची परीक्षा, आणि नापास झालं तर नोकरीचं काय, कोण जाणे. उद्धव तिला रोज भेटला, पण कागदाबद्दल अवाक्षर बोलला नाही. ती चिडली, रडली, आणि कागदावर लिहून टाकलं : तिकडं. सही तेवढी राहिली.

शनिवारी मायलेक शेवटचं औषध घालून घ्यायला आले. डोळे पुसून देवकाबाई म्हणाली, “पानी दे वं, मनकर्णा.” आणि तिच्या हातून लोटा घेऊन घटाघटा प्यायली. मनकर्णानं न विचारताच लोटा पुन्हा भरून दिला.

उद्धवची नजर टेबलावरच्या कागदावर खिळली होती. “सही... झाली?”

“नाई. कोनी काई बोलन, म्हनून थांबली होती.”

“मी कसं बोलू? तुमी एवढं शिकल्या... माह्यासाठी नोकरीवर पानी पडलं तर?”

“नोकरीचं मी पाहीन. तुमी तुमचं बोला.”

बाहेर टपालवाल्याच्या सायकलची घंटी वाजली. उद्धवनं खाली पाहिलं, वर पाहिलं.

“इकडं रा,” तो हळूच म्हणाला.

तिनं टाक उचलला. “हे... मराठीत म्हनलं का तेलुगूत?”

“दोन्हीत.”

मनकर्णानं ‘तिकडं’ खोडलं, ‘इकडं’ लिहिलं, ठसठशीत सही केली. मग टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

ओसरीवर जाऊन बसलेल्या देवकाबाईनं हाक दिली, “अवं पोरी, मी घरी जाऊ का, का आज बी इथंच राहू?”