कप्तानांची फुंकर

लेम्युएल हॉचकिसकडे जगातली कोणतीही वस्तू फूटभर करून मागा, तो करून द्यायचा. वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीचा नियमच तसा होता. शोध हवा तेवढा मोठा लावा, पण त्याचा नमुना फूटभराच्या आत बसवून आणा. कचेरीसमोरच्या गल्लीत लेमचं दुकान. नांगर, छापखाना, दात उपटायची खुर्ची, सगळं फळीवर भातुकलीसारखं मांडलेलं.

नमुना पुरा झाला की वरचा भुसा फुंकून टाकायचं काम सासऱ्यांचं. भुशानं लेमला खोकला यायचा, म्हणून त्यांनी ते आपण होऊन अंगावर घेतलेलं. कप्तान झेब्युलन ट्रास्क. उभा जन्म पोटोमॅक नदीवर आगबोट हाकली, आणि आता लेकीच्या घरी, दुकानाच्या खिडकीशी डुलत्या खुर्चीत बसलेले. बोट थांबली, तोंड काही थांबलं नव्हतं. सकाळी कॉफीबरोबर जे सुरू व्हायचं ते दिवा मालवेपर्यंत.

"जावईबापू, ते खेचराचं सांगितलंय का हो तुम्हाला?"

"काल सांगितलंत. परवाही सांगितलंत."

"मग पाठ झालं असेल. कुठे चुकलो तर टोका हं."

आत लेमच्या बायकोला, फीबीला, हसू फुटायचं. आई गेली तेव्हा बाबा वर्षभर मुके होते. ते पुन्हा बोलायला लागले त्या दिवसापासून तिनं त्यांना कधी "पुरे" म्हटलं नव्हतं. लेम वरवर कुरकुरायचा, पण खरं सांगायचं तर कप्तानांचा डोळा लागला की त्याचाही रंधा चालायचा नाही.

ऑगस्टच्या उकाड्यात ऑरिन स्नेल नावाचा गृहस्थ आला. हडकुळा, फार अदबीचा. कोट काढला नाही, आणि कपाळावर घामाचा थेंब नाही. त्याला हवं होतं कायम फिरत राहणारं चाक.

लेमनं मनात कपाळाला हात लावला. असले वेडे अधूनमधून यायचेच, आणि कचेरी सगळ्यांना एकच सांगायची: आधी फिरवून दाखवा, मग बोलू.

"फिरेल कशानं हे?" लेमनं विचारलं.

"ते त्याचं ते बघेल. तुम्ही फक्त करा. पुरं झालं की मात्र हात लावायचा नाही."

लेमनं चाक केलं. नासपतीच्या लाकडाचं, आत शिशाच्या गोळ्या. ते ढिम्म उभं राहिलं. राहणारच!

"कप्तान, याला हात लावायचा नाही म्हणालाय."

"हात कोण मेला लावतोय?" कप्तान म्हणाले, पुढे वाकले आणि भुशावर त्यांनी फुंकर मारली.

चाक फिरलं.

जेवणापर्यंत फिरत होतं. जेवणानंतरही. लेमनं खिडकी लावली. मग फीबीची लोणच्याची काचेची बरणी त्यावर पालथी घातली. आतही ते तसंच, संथपणे फिरत राहिलं. लेमचा आनंद गगनात मावेना. उद्या स्नेल येणार, मग दोघं मिळून कचेरीत जाणार, आणि आजवर फिदीफिदी हसणारे ते सगळे साहेब टोप्या काढणार!

"तर ते खेचर," खुर्चीतून कप्तान सांगत होते, "बोटीच्या फळीवरून जे उडालं, ते थेट—"

लेम थांबला. "थेट कुठे?"

उत्तर नाही. खुर्ची डुलायची थांबली होती. कप्तानांचे डोळे उघडे होते. त्यांनी जावयाकडे बघून मायेनं हसल्यासारखं केलं, एवढंच.

डॉक्टर आले. "उन्हाळा आहे, वय आहे," म्हणाले आणि गेले. फीबी वडिलांचा हात धरून रडत बसली.

लेमला काही सुचेना. नुसतं काहीतरी करायचं म्हणून त्यानं बरणी उचलली, चाकावरची धूळ पुसायला गेला, आणि त्याचं बोट टेकून चाक थांबलं.

"—बिशपच्या मांडीवर!" कप्तान गरजले.

लेमनं दचकून बोट काढलं. चाक फिरायला लागलं. कप्तान गप्प.

पुन्हा टेकवलं. "आणि बिशप म्हणतो कसा—"

काढलं. गप्प.

फीबी उठून उभी राहिली होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"फोड ते."

"फीबी, अगं असं चाक अख्ख्या जगात दुसरं नाही!"

"आणि माझे बाबा? ते काय डझनावारी मिळतात?"

लेमनं खुर्चीकडे पाहिलं. गेला तासभर दुकानात किती शांत होतं, ते त्याला एकदम सहन होईना. त्यानं हातोडा उचलला आणि चाकावर घातला.

"—म्हणतो कसा, अहो, याचं तिकीट काढलंय का?" कप्तान खो खो हसले आणि खुर्ची डुलायला लागली. फीबीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. लेमही हसला, डोळे पुसत.

सकाळी स्नेल आला. कोपऱ्यातले तुकडे त्यानं पाहिले. लेम माफी मागायला लागला, पण स्नेलचं तिकडे लक्षच नव्हतं. तो खिडकीकडे कान देऊन ऐकत होता.

"फिरतंय की," तो म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला.

खिडकीत खेचर पुन्हा उडालं. पुन्हा बिशप.

कालचं सूप खुर्चीशेजारी तसंच होतं. त्यावर साय धरली होती.

"रात्रभर बोलत होते," फीबी म्हणाली. "आनंद झालाय त्यांना. हो ना, लेम?"

सफरचंद सोलायच्या यंत्राचा नमुना तयार होता, दात्यांमध्ये भुसा भरलेला. तो लेमनं खुर्चीसमोर धरला.

"कप्तान, फुंकर."

"हे बघा, जावईबापू!" कप्तानांनी गाल फुगवले, ओठांचा चंबू केला आणि नेहमीसारखी दणदणीत फुंकर मारली. मग खेचर पुढे निघालं.

भुसा होता तिथेच होता.