मिशीवाला साप आणि लाजणारी कासवं

"वही इकडे दे. तू माझे गुण चोरलेस."

"हात तर लाव वहीला, मग दाखवतो."

झिपरीने हात लावला. मास्तरने वही पाठीमागे नेली. टिल्लू भांडण सोडवायला मध्ये शिरला आणि दोन्हीकडून एकेक कोपर खाऊन बाहेर आला.

मास्तर म्हणजे खरा मास्तर नव्हे. तेरा वर्षांचा, चष्मेवाला, समोरच्याची चूक काढल्याशिवाय ज्याचं अन्न पचत नाही असा मुलगा. झिपरी बारा वर्षांची, कपाळावर केस आणि नाकाच्या शेंड्यावर राग. टिल्लू दहाचा, आणि तो कुठल्याही भांडणात आधी मार खायचा, मग कारण विचारायचा. तिघांच्याही घरची माणसं एकाच गोदामात कामाला होती. शाळेला सुट्टी लागली, की अशा पोरांना गोदामाच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत कोंडून ठेवायची तिथली पद्धत होती. खोलीच्या दारावर 'आनंदघर' अशी पाटी होती. आनंद एवढाच, की एक भिंत काचेची होती.

काचेतून खालचं सगळं गोदाम दिसायचं. सामानाने भरलेल्या कपाटांच्या रांगा, आणि त्यांच्याखाली सरपटणारी चपटी यंत्रं. कामगार त्यांना कासवं म्हणत. कासव कपाटाखाली शिरायचं, अख्खं कपाट पाठीवर घ्यायचं आणि माल काढणाऱ्या माणसापुढे नेऊन उभं करायचं. खाली पडलेला माल उचलायला माणूस वाटेत गेला, तर त्याच्या अंगात पिवळं जाकीट लागायचं. जाकिटाच्या खिशात पत्त्यांच्या कॅटाएवढा एक प्लास्टिकचा बिल्ला. बिल्ला जवळ आला, की कासव आपोआप हळू होऊन थांबायचं.

पोरांनी त्याचा खेळ केला होता. प्रत्येकाने एक रांग घ्यायची, आपल्या रांगेतलं कासव माणसापुढे थांबलं, की 'लाजलं' म्हणायचं. एक गुण. मास्तर ते वहीत वेळेसकट लिहायचा.

झिपरीची रांग तिसरी, कारण तिथे तिची आत्या होती. मंगळवारपर्यंत तिचे रोज वीस-बावीस गुण व्हायचे. बुधवारी भोपळा. आज गुरुवार, पुन्हा भोपळा.

"आत्या सकाळपासून तीनदा वाटेत गेली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय," झिपरी म्हणाली. "कासव एकदाही लाजलं नाही, असं कसं होईल?"

"नाही लाजलं. बाजूने सुसाट गेलं. दिसलं ते लिहिलं."

"सापशिडी असती, तर ही कटकटच नसती," टिल्लू कोपर चोळत म्हणाला.

सापशिडी मंगळवारीच गेली होती. पोरांचा आवाज खाली येतो म्हणून घड्याळसाहेब वर आले आणि पट काखोटीला मारून गेले. घड्याळसाहेब म्हणजे गोदामाचे सुपरवायझर. माणसाकडे बघण्याआधी ते मनगटाकडे बघायचे, म्हणून हे नाव. पटातला अठ्ठ्याण्णववरचा साप रोज टिल्लूलाच गिळायचा, म्हणून टिल्लूने चिडून त्याला पेनाने झुपकेदार मिशा काढल्या होत्या. त्या मिशांसकट पट गेला.

"तू खोटारडा आहेस," झिपरी मास्तरला म्हणाली. तेवढ्यात खालून धाडकन आवाज आला, आणि पाठोपाठ एक किंकाळी. तो आवाज झिपरीने झोपेतही ओळखला असता.

तिसऱ्या रांगेत आत्या आडवी पडली होती. कासव तिच्या पायाला धडकून, पाठीवरच्या कपाटासकट तिरकं उभं होतं.

*

शुक्रवारी आत्या घरी कॉटवर होती, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. उशीजवळ गोदामाचं पत्र होतं. कामगाराने बिल्ला जाणूनबुजून काढून आपल्या लॉकरमध्ये ठेवला, कासवं थांबू नयेत आणि आपलं काम जास्त दिसावं म्हणून. शनिवारी दुपारी चौकशी. दोष ठरल्यास कामावरून कमी.

"लॉकरमध्ये खरंच सापडला?" मास्तरने विचारलं. तो आणि टिल्लू दारातच उभे होते. झिपरीने त्यांना आत या म्हटलं नव्हतं.

"सापडला म्हणे. कोणी ठेवला ते देव जाणे," आत्या म्हणाली. "मी आत जाताना रोज खिसा थोपटते. आम्ही सगळेच थोपटतो. कालही थोपटला, हाताला बिल्ला लागला. आणि माझ्या रांगेतली माणसं! इतकी वर्षं एका डब्यात जेवलो, पण एकजण बोलायला तयार नाही. वेडी आहे, स्वतःच्याच जिवावर उठली, असं कोणी म्हटलं असतं तरी चाललं असतं. लबाड म्हणतात मला, ते सहन होत नाही."

झिपरी दोन वर्षांची असल्यापासून आत्याकडे होती. आत्याला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि आजही बघायचं नव्हतं. ती उठली आणि दवाखान्यातून आलेली पिशवी घेऊन मोरीत गेली. आत आत्याचं जाकीट होतं, मळलेलं. धुवायला टाकण्याआधी तिने सवयीने खिसा थोपटला. हाताला काहीतरी चपटं लागलं.

तिने खिसा उघडला. आत पुठ्ठ्याचा तुकडा होता, बिल्ल्याच्या मापाने कापलेला. त्यावर हिरवा साप होता, आणि सापाला मिशा होत्या.

"टिल्लू," तिने हाक मारली, "इकडे ये."

टिल्लू आला. त्याने तुकडा बघितला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मास्तरने वही काढली. मंगळवारी पट गेला. बुधवारपासून तिसऱ्या रांगेत कासव लाजलं नाही.

"त्या रांगेत बारा माणसं आहेत," मास्तर म्हणाला. "बाराही जणांचे बिल्ले गायब, आणि खिशात आपला पट. थोपटलं की हाताला लागतं, आणि कोणी उघडून बघत नाही. माणसापुढे कासवं थांबत नाहीत, म्हणजे काम भराभर."

"मी आत्ता जाऊन त्यांच्या तोंडावर फेकते हा तुकडा."

"फेक. ते म्हणतील, आत्यानेच कापला. एका तुकड्याने काही होत नाही. उरलेले अकरा पाहिजेत."

झिपरीला त्याचा राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. "तू खोटारडा नाहीस," ती कशीबशी म्हणाली.

"लिहून ठेवू का?" मास्तरने विचारलं.

*

शनिवारी आत्याला चाकाच्या खुर्चीवर बसवून झिपरी गोदामात घेऊन गेली. दारातच घड्याळसाहेब भेटले.

"जाकीट जमा करायचं होतं," ते म्हणाले. "आणि ही पोरगी कशाला? तुम्ही कामावर नाही, म्हणजे हिला खोलीही नाही."

"खुर्ची कोण ढकलणार? तुम्ही?" झिपरीने विचारलं.

"आत्याच्याच वळणावर गेलीय," घड्याळसाहेब मनगट बघत म्हणाले. "बाहेर थांब."

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक तपासनीस बाई आल्या होत्या. झिपरी त्यांच्यापुढे जाऊन म्हणाली, "बाई, तिसऱ्या रांगेतल्या जाकिटांचे खिसे उघडून बघा." बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"पोरखेळ आहे हो," घड्याळसाहेब हसून म्हणाले. "जेवणाची सुट्टी झाली, की मी स्वतः दाखवतो सगळी जाकिटं." बाई मान डोलावून आत्यासोबत चौकशीच्या खोलीत गेल्या आणि दार लागलं.

झिपरी जिन्याकडे पळाली. आनंदघर सांभाळणाऱ्या ताईंनी तिला पाहिलं, पण त्यांना अचानक खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसू लागलं. मास्तर आणि टिल्लू काचेला नाक लावूनच होते.

"जेवणाच्या सुट्टीत सगळे जाकिटं खुंटीला लावून जातात," मास्तर म्हणाला. "बघ, चोर आलाच."

खाली घड्याळसाहेब खुंट्यांपाशी एकटे होते. एकेका खिशातून काहीतरी काढत होते, डब्यातलं काहीतरी आत घालत होते. अकरा जाकिटं झाली. मग हातातला गठ्ठा त्यांनी बाजूच्या रद्दी पुठ्ठ्याच्या जाळीच्या गाड्यात टाकला आणि निवांत हात झटकले. एवढ्या ढिगात कोण शोधणार? दर तासाला कासव तो गाडा उचलून नेतं आणि पुठ्ठा दाबायच्या यंत्रात रिकामा करतं.

"दोनला नेतं," मास्तर वही बघत म्हणाला. "दोनला चार मिनिटं आहेत."

"ताई, तुमचं जाकीट घेते, बिल्ल्यासकट," झिपरी म्हणाली.

"अगं पण..."

जाकीट एव्हाना जिन्यावर पोचलं होतं.

खाली कासवांच्या वाटेला उंच जाळीचं कुंपण होतं आणि त्याच्या दाराला कुलूप. कासव आलं, गाड्याखाली शिरलं, गाडा उचलून वळलं आणि कुंपणाच्या कडेने यंत्राकडे निघालं. टोकाला पुठ्ठा चेपण्याचा करकर आवाज येत होता. यंत्राच्या तोंडापासून ते दहा पावलांवर असेल.

"आत जायचं नाही हं," मास्तर धापा टाकत म्हणाला.

"मला काय पाय मोडून घ्यायचाय?" झिपरीने जाकिटाचा बोळा केला आणि सगळा जोर लावून कुंपणावरून फेकला. पहिल्यांदा तो जाळीला आपटून परत आला. टिल्लू मास्तरच्या खांद्यावर चढला, त्याने बोळा घेतला आणि भिरकावला. जाकीट कासवाच्या पुढ्यात पडलं.

कासव हळू झालं. थांबलं. दिवे तांबडे झाले आणि भोंगा वाजायला लागला.

"लाजलं," टिल्लू वरून म्हणाला.

घड्याळसाहेब कुलूप उघडून आत धावले. "कोणाचं काम हे? पोलिसात देईन एकेकाला!" त्यांनी जाकीट पायाने दूर उडवलं आणि कासवाला हाताने इशारा केला. "चल. चल ना रे!"

कासव हललं नाही. त्यांनी गाड्याला धक्का दिला, बटणं दाबली, शिव्या दिल्या. कासव त्यांच्यापुढे मान खाली घालून गप्प उभं होतं.

"ते जाणार नाही," झिपरी जाळीतून म्हणाली. "तुमच्या खिशात बिल्ला आहे ना, खरा."

घड्याळसाहेबांचा हात नकळत स्वतःच्या खिशाकडे गेला. बाराजणांचे बिल्ले काढताना स्वतःचा तेवढा त्यांनी काढला नव्हता. भोंग्याने गोळा झालेले कामगार त्यांच्या हाताकडे बघत होते. तपासनीस बाईही बघत होत्या, आणि त्यांच्या मागे खुर्चीवर आत्या.

"त्या गाड्यात आमची सापशिडी आहे," टिल्लू म्हणाला. "एक तुकडा सोडून."

बाईंनी स्वतः बाह्या सारून गाडा उपसला. अकरा तुकडे निघाले. ते त्यांनी माल बांधायच्या टेबलावर एकेक करून जुळवले. शिड्या शिड्यांना लागल्या, शेपट्या तोंडांना लागल्या. वरच्या कडेला एक भोक उरलं. तिसऱ्या रांगेतले लोक आपापल्या खिशांना हात लावून उभे होते, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

झिपरीने तुकडा आत्याच्या हातात दिला. आत्याने तो भोकात बसवला. मिशीवाला साप सगळ्यांकडे बघू लागला.

"आठ दिवसांपुरतंच होतं," घड्याळसाहेब म्हणाले. "काम उरकत नव्हतं हो."

"पायाचं हाड आठ दिवसांत जुळत नाही," आत्या म्हणाली. "आणि माझा बिल्ला लॉकरमध्ये चालत गेला का?"

घड्याळसाहेबांनी मनगटाकडे बघितलं. बाईंनी त्यांच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या आणि आत्याचं पत्र सगळ्यांसमोर फाडलं. मग त्या पोरांकडे वळल्या. "आमच्या कार्यालयात मोठी मोठी यंत्रं नोंदी ठेवतात, पण ही गोष्ट एकालाही दिसली नाही. शाबास आहे तुमची. ही वही मला द्याल?"

मास्तरने वही छातीशी धरली. "पावती मिळेल? मागच्या वेळी सापशिडी दिली, तर तिचे बारा तुकडे झाले."

बाईंनी पावती लिहून दिली.

तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी कामगारीण आत्याजवळ आली. "चुकलं आमचं," ती म्हणाली. आत्याने प्लॅस्टरवरून हात फिरवला. सगळा राग एका शब्दाने जात नसतो. ती एवढंच म्हणाली, "मला एक जाकीट दे."

जाकीट चढवून तिने खिसा थोपटला. मग थांबली, खिसा उघडला, बिल्ला बाहेर काढून नीट बघितला आणि परत आत ठेवला. मागे उभ्या असलेल्या अकराजणांनीही आपापले खिसे उघडले. झिपरीने खुर्ची ढकलत तिला वाटेच्या पिवळ्या पट्ट्यापर्यंत नेलं. कपाट घेऊन येणारं कासव हळू झालं आणि आत्यापुढे उभं राहिलं.

"लाजलं," झिपरी म्हणाली.

वही बाईंच्या हातात होती. मास्तरने त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि तिसऱ्या रांगेपुढे, वेळेसकट, एक गुण लिहिला.