सीझन संपू दे

गोरखपूर बाजारात साडीला फॉल लावायला निघालेल्या विभावरीनं वाटेतल्या दुकानाच्या टीव्हीवर स्वतःला गुलाबजाम खाताना पाहिलं. अख्खा, एका घासात! ती तडक आत शिरली.

“ओ भैया! बंद करा ते!”

दुकान नीलकंठचं. लग्नाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर कापून-जोडून तो सीडी बनवायचा. पडद्यावर विभावरीच्या ताईचं लग्न चालू होतं.

“भैया नका म्हणू जी,” नीलकंठ म्हणाला. “तीन दिवसांपासून तुमचाच गुलाबजाम पाहून राहिलो.”

ती चिडायला आली होती, हसली. नीलकंठचा हात माऊसवरच राहिला.

“ताईची सीडी कधी देता?”

“परवा.”

परवा ती आली, सीडी नव्हती. शुक्रवारी आली, तरी नव्हती.

“एवढा वेळ काहून लागून राहिला?”

नीलकंठला खोटं बोलता येत नसे. धंद्यात हा मोठाच दोष. त्यानं टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनवर चालू असलेल्या कामांची यादी, उघडला.

“मशीन एक, कामं दोन. कामाच्या नावावर उजवं क्लिक केलं की प्रायॉरिटी ठरवता येते. पाटणवाल्यांचं लग्न ‘नॉर्मल’वर आहे, तुमच्या ताईचं त्याच्या खाली, ‘लो’वर. पंगतच समजा. ‘नॉर्मल’वाले जेवून उठले की उरलंसुरलं ‘लो’वाल्याला.”

“आणि आमच्या ताईला ‘लो’वर बसवलं कोणी?”

“मी.”

“काहून?”

“लवकर झालं असतं तर… तुम्ही पुन्हा आल्या नसत्या.”

विभावरी बराच वेळ कीबोर्डवरची अक्षरं वाचत राहिली. मग हळूच म्हणाली, “‘लो’वालं बंद तर नाही ना पडत?”

“नाही जी. समोर दुसरं काम नसलं तर तेही मजेत धावतं.”

तीन आठवडे ती सीडी होतच राहिली. विभावरी कधी बड्या फुहाऱ्याच्या चौकातून खोव्याची जिलबी आणायची. पाकाची बोटं तो रुमालाला पुसायचा, आणि रुमाल धुवायचा नाही.

एक दिवस ती जिलबीशिवाय आली.

“अमरावतीचं स्थळ आलंय. बाबा रविवारी होकार देऊन राहिले… त्याआधी तुम्ही घरी येता? बोलायला?”

नीलकंठनं फळीवरच्या अकरा लग्नांच्या कॅसेटींकडे पाहिलं. लग्नाच्या सीझनमध्ये लग्नाला सवड नसलेला माणूस जगात एकच, व्हिडिओवाला.

“या रविवारी तर चार शूटिंग आहेत जी. सीझन संपू दे… मग येतो. पक्कं!”

“समोर दुसरं काम आलं, की ‘लो’वाल्याचं काय होतं म्हणालात?”

तेवढ्यात पाटणवाल्यांचा फोन वाजला. नीलकंठनं तो घेतला.

सीझन संपला. दुसऱ्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, विभावरीच्या घरी जायला तो शटर ओढणार, तोच ती समोर उभी. गळ्यात नवं मंगळसूत्र, हातात तीन कॅसेटी. लग्न शेवटच्या मुहूर्तावर उरकलं होतं. शूटिंग दुसऱ्या कोणाचं.

“परवा अमरावतीची गाडी आहे. तोवर सीडी होईल?”

“होईल.”

ती पायरी उतरली, थांबली.

“‘लो’वर नका ठेवू… भैया.”

नीलकंठनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. कॅसेटी मशीनवर चढवल्या. पडद्यावर नवऱ्यानं घास भरवला तेव्हा तिनं गुलाबजाम अर्धाच खाल्ला होता. सीडी तयार होऊ लागली तसं त्यानं उजवं क्लिक करून प्रायॉरिटी ‘हाय’वर नेली.

तशी गरज नव्हती. मशीनवर दुसरं एकही काम नव्हतं.