भिंतीकडे वळवलेला सिलिंडर

त्या दुपारी काम तसं किरकोळच होतं. भावोजींच्या छोट्या विमानाच्या तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बैठकीवर नीट बसत नव्हता. जळलेला धूर बाहेर सोडायचं हे झाकण. ते मिटलं की कडेतून हवा निसटता कामा नये. दुसऱ्या दिवशी भावोजी माझ्या ताईला घेऊन उडणार होते.

मी व्हॉल्व्ह घासला, निळा रंग लावून पाहिला. बैठकीवर अखंड कडं उमटलं, म्हणजे झाकण सगळीकडून टेकत होतं. सगळं जोडलं, हवेच्या दाबाने फिरू नये म्हणून भावोजींना प्रोपेलर घट्ट धरायला सांगितलं, कॉम्प्रेसरने सिलिंडरमध्ये हवा सोडली... एक्झॉस्टच्या नळीतून फुस्स!

पुन्हा खोललं. पुन्हा घासलं. पुन्हा फुस्स. स्प्रिंग बदलली. उघडझाप वेळेवर होते का, तेही पाहिलं; अगदी चोख. संध्याकाळपर्यंत माझं डोकं पार फिरलं. पाना आपटला.

"अरे, एवढंसं झाकण तुझं ऐकेना?" भावोजी हसले.

"तुम्ही प्रोपेलर धरा. बोलू नका."

हँगरमध्ये, विमानाच्या त्या शेडमध्ये, अंधारून येत होतं. तेलाच्या वासात दुसराच वास मिसळला होता, आजाऱ्याच्या बंद खोलीसारखा. वैतागून मी कॉम्प्रेसर बंद केला, हवेचा पाइप उपटून काढला.

फुस्स... थांबलं. मग पुन्हा, सावकाश... फुस्स...

"हवा बंद केलीस ना?" भावोजींचा आवाज एकदम खाली आला.

"पाइप माझ्या हातात आहे..."

मी तळवा एक्झॉस्टच्या तोंडाशी नेला. इंजिन दिवसभर थंडगार, पण हवा कोमट होती. ओलसर. मग ती उलटी फिरली. तळवा आत ओढला जाऊ लागला... मी हात हिसडून घेतला.

"भावोजी, ताईला यात बसवायचं नाही."

 भावोजी प्रोपेलर सोडून मागे सरकले.

सिलिंडर बदलला. नवा पहिल्याच तपासणीत गप्प बसला. ताई-भावोजी जाऊन सुखरूप आलेही. जुन्यातले व्हॉल्व्ह काढून मी तो रिकामा सिलिंडर हँगरमागच्या गवतात टाकला.

हल्ली पहाटे दव गोठतं, गवत पांढरं होतं. सिलिंडरच्या तोंडापुढचा तुकडा तेवढा हिरवा राहतो. काल चिडून मी त्याचं तोंड हँगरच्या भिंतीकडे वळवलं.

आज हँगर उघडला. भिंतीच्या आतल्या बाजूला, माझ्या टेबलाजवळ, विटा ओल्या होत्या. हात लावला...

कोमट.