दिवस मावळायच्या आत

माझं नाव सौंदर्या. हसायचं नाही. नाव सौंदर्या आणि आवाज मार्केट यार्डातल्या हमालाचा, असं आमची अव्वा, म्हणजे माझी आई, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगते. आवाजाचं खरं आहे. पण त्या संध्याकाळी त्याच आवाजाला काय झालं कुणास ठाऊक... घशातनं बाहेरच येईना.

दोन हजार चार सालचा जानेवारी. उन्हाला हळदीचा रंग चढलेला. आप्पांचं शाहूपुरीत गुळाचं दुकान. गुऱ्हाळं सुरू असली की त्यांना रात्रीपर्यंत गादीवरनं हलता यायचं नाही, म्हणून त्यांचा डबा मी स्कूटीवरनं पोचवायची. स्टेडियम वाटेतच होतं. म्हणजे... वाट जरा वाकडी केली की वाटेतच. कोल्हापुरात जन्मून फुटबॉलच्या आरड्याओरड्याकडं ज्याचा पाय वळत नाही, त्याचा पाय तपासून घ्यावा.

गेटाबाहेर बायडाबाईची केळ्यांची गाडी असायची. मी तिथं स्कूटी लावतेय तेवढ्यात आतनं एक पोरगा पळत आला. निळी जर्सी, खरचटलेला गुडघा, केसांत वाळकं गवत. आत त्याची टीम जिंकून नाचत होती, आणि हा गडी आभाळाकडं बघत पळत होता.

"मावशी, केळी!"

"संपली की रं."

"एक तरी?"

"साली हायत. खातोस?"

त्यानं पश्चिमेकडं बघितलं. सूर्य समोरच्या भिंतीला टेकायला आला होता. पोराचा चेहरा असा पडला, की बायडाबाईलासुद्धा पाझर फुटला. तिनं माझ्याकडं हनुवटी उडवली. "ह्या पोरीकडं डबा हाय बघ. इचार."

तो वळला. घामानं भिजलेल्या पापण्या, आणि त्याखाली... असू दे. सांगत बसले तर गोष्ट इथंच संपेल.

"मटण न्हाय ना त्यात?" त्यानं विचारलं.

"आम्ही लिंगायत. आमच्यात मटण कुठलं?" माझा आवाज चक्क मांजरीएवढा झाला होता.

"आम्ही जैन. मग झालं की!"

आणि मी डबा दिला. का दिला, ते आजवर कळलेलं नाही. भाकरी, घेवड्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही. पायरीवर बसून, एक डोळा सूर्यावर ठेवून, त्यानं सगळं फस्त केलं. शेवटचा घास आणि सूर्याची शेवटची कड, दोन्ही एकदमच गेली.

"दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम हाय माझा," तो बोटं पुसत म्हणाला. "सहावीत होतो. मुनी महाराज आलते आमच्या कोडोलीत चातुर्मासाला. समदी पोरं काय काय नेम घेत हुती. मी म्हटलं, रात्रीचं जेवण सोडलं. तवा कुठं ठाऊक होतं, पुढं फुटबॉल खेळणार आणि मॅच सांजचीच संपणार!"

"मग सोड की नेम."

"शब्द दिलाय न्हवं?" इतकं साधं म्हणाला, की मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. मग त्यानं रिकाम्या डब्यात डोकावून बघितलं. "पण... ह्यो डबा कुणाचा होता?"

"आमच्या आप्पांचा."

"आयला!"

दुकानात गेल्यावर मी सांगितलं, डबा सांडला. आप्पांनी झाकण उघडलं, आतनं बोट फिरवलं आणि चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "धुतल्यासारखा सांडला गं?"

त्याचं नाव सम्मेद. कॉलेज कोडोलीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. नाव सांगितलं की लोक विचारायचे, तिथं कॉलेज हाय व्हय? अकरा खेळाडू, बदली एकच, आणि खेळाचे गुंडू सर स्वतः ट्रॅक्स चालवत टीमला घेऊन यायचे. पण त्या वर्षी ह्या ट्रॅक्समधल्या पोरांनी शहरातल्या मोठमोठ्या कॉलेजांना पाणी पाजलं. सम्मेद विद्यापीठाच्या टीममध्ये निवडला गेला आणि सरावाला रोज स्टेडियमवर येऊ लागला. पेपरात फोटो आला. उत्कृष्ट खेळाडूची ढाल मिळाली, ती त्याच्या आईनं लोणच्याच्या बरण्यांशेजारी मांडली.

आणि मी... मी दोन डबे नेऊ लागले.

"इतकी भाकरी कुणाला गं?" अव्वा विचारायची.

"आप्पांची भूक वाढलीय."

तीच पायरी, तीच वेळ. मैदानात पाणी मारलेलं असायचं, ओल्या मातीचा वास यायचा. लांबनं कुणाच्या तरी शिट्ट्या. तो घास घेताना माझ्याकडं बघायचा नाही, आणि तो बघत नाही हे मी बघत बसायची.

"आज काय हाय?"

"कारलं."

"मुद्दाम?"

"व्हय."

त्यानं घास खाल्ला. सावकाश चावला. "गोड हाय."

"कारलं?"

"...व्हय की."

बायडाबाई केळ्यांवरच्या माश्या हाकलत खोकली.

एकदा मी म्हटलं, "लई हवेत जाऊ नको. डाव्या पायानं मारायला येत न्हाय तुला." पुढच्या आठवड्यात त्यानं डाव्या पायानं गोल मारला. असा मारला की गोलकीपर जागचा हलला नाही. सगळी पोरं त्याच्या अंगावर पडली, आणि त्या ढिगाऱ्यातनं मान वर काढून त्यानं गॅलरीकडं बघितलं... आणि हळूच डाव्या बुटाला हात लावला. त्या रात्री मला भाकरी गोड लागेना. जागेपणीच स्वप्न पडत होतं, काय सांगायचं!

मला सूर्याची सवय लागली. उन्हाळा चढला तसा तो रोज थोडा जोतिबाच्या डोंगराच्या बाजूला सरकून मावळू लागला, हे माझ्या लक्षात आलं. एवढी वर्षं ह्या गावात राहिले, कधी बघितलं नव्हतं.

एप्रिलात कॉलेजांच्या एका मोठ्या स्पर्धेच्या फायनलला ह्यांची टीम पोचली. आदल्या दिवशी तो पायरीवर बसून रिकामा डबा उगाच पुसत होता.

"उद्या गोव्याचा माणूस येणार हाय," शेवटी म्हणाला.

"कसला माणूस?"

"क्लबाचा. लई मोठ्ठ्या क्लबाचा. पोरं निवडायला फिरतोय. गुंडू सर म्हणाले, माझ्यासाठीच येतोय. उद्या रात्रीच परत जाणार. जे काय दावायचं ते उद्याच."

"आणि निवडलं तर?"

"तर जायाचं. तितंच ऱ्हायाचं. दोन वर्सं तरी."

मी मनात दोन वर्षांचे महिने मोजले. तोंडातनं मात्र भलतंच निघालं, "मग तितं डबा कोण देणार?"

"त्योच इचार करतोय." त्यानं गवताची काडी उपटली, मोडली, परत उपटली. "सौंदर्या..."

"काय?"

"काय न्हाय."

"बोल की!"

"दिवस मावळला," तो उठत म्हणाला.

"का? मावळल्यावर बोलायचं न्हाय असा पण नेम हाय काय?"

तो हसला आणि गेला. असा राग आला मला! रागच होता तो. बहुतेक.

फायनलला गर्दी म्हणजे मुंगी शिरायला जागा नाही. आप्पासुद्धा दुकान बंद करून आले होते. फायनल चुकवायची नाही, हा त्यांचा नेम. ते सावलीतल्या गॅलरीत, मी गेटापाशी बायडाबाईजवळ. मध्यंतराला वळवाची एक सर येऊन गेली आणि मैदानाचा चिखल झाला. टोपी घातलेला एक सावळा माणूस कठड्याला टेकून शांत बघत होता. तोच गोव्याचा.

सम्मेदनं एक गोल केला. समोरच्यांनी फेडला. एक-एक. वेळ संपली आणि तो चिखलात खाली बसला. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आलेले. सकाळी जेवलेला पोरगा, अंगात होतं ते सगळं संपलेलं, आणि अजून जादा वेळ खेळायचा होता.

आभाळ ढगांनी भरलेलं. सूर्य आहे का गेला, कुणाला कळेना. मला ठाऊक होतं. सकाळीच कॅलेंडरात बघून ठेवलं होतं. अजून थोडा वेळ होता... अगदी थोडा.

माझ्या पिशवीत आप्पांच्या नव्या ढेपेतला गुळाचा मोठा खडा होता आणि मीठ घातलेलं पाणी. खडा हातात घेतला आणि पाय जागीच थांबले. खरं सांगते. मनात आलं, हा दिला नाही तर काय होईल? हा असाच बसेल. तो टोपीवाला घड्याळ बघेल आणि निघून जाईल. उद्या संध्याकाळी हीच पायरी, हाच डबा, हाच पोरगा... माझा. आणि दिला तर हा उठेल, पळेल, आणि पळत पळत गोव्याला जाईल.

त्यानं मान वर केली. ढगांत सूर्य शोधत होता. सापडत नव्हता, म्हणून गप्प खाली बघितलं. "आयला" नाही, कुरकुर नाही. शब्द दिला होता न्हवं.

"मावशी, गेट उघड!" मी ओरडले. हमालाचा आवाज परत आला होता.

आणि पळाले. एवढ्या गर्दीसमोर, चिखलात, चप्पल हातात घेऊन. गॅलरीतनं आधी शिट्ट्या, मग हशा, मग कुणीतरी कोकललं, "वहिनी आऽऽली!" आणि सगळं स्टेडियम उसळलं.

मी त्याच्यापुढं गुडघ्यावर बसले. "अजून मावळला न्हाय. खा."

"हात चिखलाचे हायत," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय..." डोळ्यांत तेच हसू, "तोंड चांगलं हाय की."

मी त्याच्या तोंडात गूळ घातला. ओऽऽऽ असा आवाज चारी बाजूंनी आला. मी कुणाकडं बघितलं नाही. पाणी पाजलं. मी हात मागं घेत होते, तेवढ्यात त्यानं माझं मनगट क्षणभर धरलं. चिखलाचा एक गरम पट्टा राहिला हातावर.

"निवडलं तर जाऊ?" त्यानं हळूच विचारलं.

"गप जायाचं," मी म्हटलं. "आणि आधी ऊठ."

तो उठला. काय खेळला म्हणून सांगू! गूळ चारलेला घोडा झाला नुसता. तरी गोल काही झाला नाही, आणि पेनल्टीवर ट्रॅक्समधली पोरं हरली. सम्मेदनं आपली पेनल्टी डाव्या पायानं मारली, जाळं फाटेल अशी. बाकीच्यांच्या हुकल्या. पोरं मैदानातच रडली. गुंडू सर एकेकाला उठवत फिरत होते आणि स्वतःच डोळे पुसत होते.

टोपीवाला सावकाश चालत आला. "रात को होटल पे आ जा. खाना साथ में खायेंगे, बात करेंगे."

सम्मेद चाचरला. एवढा मोठा माणूस जेवायला बोलावतो आणि हा... "सर, मैं सूरज डूबने के बाद खाता नहीं."

तो माणूस त्याच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, माझ्या चिखलाच्या हातांकडं. आणि हसला. "हमारे दो लड़के रोज़ा रख के खेलते हैं. तेरा भी जम जायेगा. तू बैठ, मैं खाऊंगा. जून में आना है, बोल, आयेगा?"

गर्दी पांगली. पायरीवर आम्ही दोघंच, आणि गाडी आवरत असलेली बायडाबाई. वरनं बारीक भुरभुर, कुठंतरी मोगऱ्याचा वास.

"दिवस मावळलाय," सम्मेद म्हणाला, "तरी बोलतो. मला तू आवडतीस. पहिल्या डब्यापासनं. लई."

परत घसा गेला माझा! सगळ्या गावापुढं ओरडणारी मी, आता फुटेचना शब्द. मग एकदमच फुटला, आणि इतक्या मोठ्यांदा फुटला, "मलापण!"

"कळलं गं बाई," बायडाबाई म्हणाली. "गावाला कळलं."

आप्पांना कळलं होतं का? त्या दिवसाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. ते न बोलणंच मला खात होतं. जूनमध्ये सम्मेद गेला. एसटीच्या खिडकीतनं हात हलवत होता आणि मी मात्र रडायचं नाही म्हणून कंडक्टरशी उगाच भांडत होते.

तो संध्याकाळी बूथवरनं फोन करायचा. "जेवलीस?"

"तू?"

"आत्ताच. हितं सूर्य समुद्रात मावळतोय. तुझ्यापेक्षा मिनिटभर उशिरा."

"मग ते मिनिटभर माझी आठवण काढ."

"आणि उरलेला दिवस?"

"फुटबॉल खेळ की, वेड्या!"

त्याचं तिथं, माझं इथं. एकाच वेळी ताट पुढं घ्यायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कुणाला सांगितलं नाही. रात्री सगळे जेवायला बसले की मी म्हणायची, भूक नाही. दिवसाउजेडी स्वयंपाकघरात एकटीच भाकरी मोडून खायची. अव्वा बघत होती. एका रात्री तिनं पंगतीतच विचारलं, "काय गं, कुणाचा नेम घेतलास काय?"

आप्पांचा हात ताटावर थांबला. अव्वाचा हात भाकरीवर. आता लपवायचं तरी किती?

"व्हय," मी म्हटलं. मांजरीच्या आवाजात.

आप्पांनी घास खाल्ला. पाणी प्यायले. मला वाटलं, संपलं आता सगळं.

"जानेवारीत माझा डबा ज्यानं सांडला, त्योच न्हवं?" ते म्हणाले.

मी मान हलवली. डोळे भरून आले होते.

"गूळ पण माझाच खाल्ला त्यानं. समद्या गावादेखत." आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि अव्वाकडं वळले. "रत्नव्वा, उद्यापासनं पोरीचं ताट दिवस मावळायच्या आत वाढत जा. एकटी उभ्याउभ्या खाती, बरं दिसत न्हाय." मग भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "आणि दिवाळीला त्यो आला की दोन ताटं वाढ."